मानधनाचं लेखाशीर्ष

१६ जून २०२५, सोमवार

शाळा उघडली. तोरण, फुगे, गुलाबाची फुलं, गोड भात. पहिलीत अकरा नवे आले. पट ११२.

पोरं वर्गात गेली तरी सहावीतल्या एकीची आई व्हरांड्यातच थांबून राहिली. तिची थोरली यंदा दहावी झाली. अकरावीचे प्रवेश या वर्षीपासून राज्यभर ऑनलाइन, म्हणून तालुक्याच्या गावी एका दुकानात शंभर रुपये देऊन अर्ज भरून आणलेला. छापील कागद माझ्यापुढं धरून म्हणाली, "बाई, ह्यातलं कुठलं कालेज पयलं हाय, बगा की."

पहिलं होतं ते साठ किलोमीटरवरचं. दहा पसंत्या देता येतात. दुकानदारानं यादीत वर दिसली ती नावं टाकली असावीत.

"भरताना तुम्ही शेजारीच होता ना?"

"हुते की. पर त्याच्या टीव्हीत बगून मला काय कळणार? त्यो विचारंल ते सांगितलं, मोबाइलवर आलेला नंबर दिला, शंभर रुपयं दिलं, आले."

पुढच्या फेरीत पसंती बदलता येईल, असं सांगून तिला पाठवली. मग संगणक कक्षाचं कुलूप काढलं. २०१९ साली देणगीत आलेले दहा संगणक. सात चालू, इन्व्हर्टरची बॅटरी मेलेली. दुपारी साडेचारनंतर इथं कुणी नसतं. आणि जिला गरज आहे ती शंभर रुपये घेऊन तालुक्याला जाते.

२१ जून, शनिवार

शाळा व्यवस्थापन समितीची बैठक. शिक्षण हक्क कायद्यानं या समितीत पंचाहत्तर टक्के पालक आणि निम्म्या बायका असायला लागतात. कागदावर आमची समिती चोख आहे. एरवी बायका सही करून भाकरी थापायला जातात. आज बसल्या, कारण विषय त्यांचा होता.

पालकांसाठी संध्याकाळचा संगणक वर्ग. मी अंदाजपत्रक करून नेलं होतं: शिकवणारीचं मानधन महिना ६,००० प्रमाणे तीन महिने, १८,०००. बॅटरी १४,०००. इंटरनेट तीन महिन्यांचं १,८००. माऊस, किरकोळ दुरुस्ती, छापील पानं ४,२००. एकूण ३८,०००.

शिकवायला गावातलीच एक सून आहे. पुण्यात बी.सी.ए. झाली, लग्नानंतर इथं आली, आता डाळिंबाच्या बागेत औषधाचे हिशेब ठेवते. ती म्हणाली, "मॅडम, मी फुकट शिकवीन." मी नको म्हटलं. फुकट शिकवणारीला कार्य निघतं, पाहुणे येतात, सासू रागावते, आणि तिला जाब विचारायला कुणाला तोंड नसतं. पगार घेणारीच्या वेळेला घरातही किंमत येते.

ठराव झाला. शाळेला पटाप्रमाणे मिळणारं संयुक्त अनुदान आमच्या गटाला पन्नास हजारांचं. त्यातले दहा टक्के स्वच्छतेला, बाकीच्यात वीजबिल, खडू, रंगरंगोटी, नळदुरुस्ती. ते मुलांचं आहे. त्याला हात लावायचा नाही, हेही ठरावात लिहून घेतलं. पैसे बाहेरून आणायचे.

६ जुलै, रविवार

आषाढी. गावातली निम्मी माणसं पंढरपुरात. निवांत मिळाला म्हणून जुने कागद काढून बसले.

अशा शिक्षणाला सरकारनं कधी पैसा दिलाच नाही, असं म्हणता येणार नाही. २०१७ मध्ये प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान मंजूर झालं, २,३५१ कोटींचं. ग्रामीण भागातली सहा कोटी माणसं शिकवायची, घरटी एक. वय १४ ते ६०, अभ्यासक्रम वीस तासांचा. ६.३९ कोटींना शिकवून ३१ मार्च २०२४ ला ते संपलं. उद्दिष्टापेक्षा जास्तच झालं.

आमच्या गावात 'घरटी एक' याचा अर्थ घराघरानं आपापला लावला. जो कॉलेजात जातो, ज्याला येण्याजाण्याला गाडी आहे, तो. म्हणजे मुलगा. आईचा नंबर आला तो मोजक्या घरांत. त्यातल्या एकीकडं प्रमाणपत्र आहे, लॅमिनेट करून देव्हाऱ्याच्या वर लावलंय. परवा विचारलं तर म्हणाली, "तवा येत हुतं बाई. मग परत माऊस हातात कोण देतंय?"

वीस तासांत सायकलसुद्धा पक्की येत नाही. आली तरी नंतर सायकल लागते.

१४ जुलै, सोमवार

अर्धी रजा टाकून तालुक्याच्या एका कचेरीत गेले. बारनिशीत अर्ज दिला, पोच घेतली. ज्या टेबलाला अर्ज जाणार तिथले साहेब चांगले निघाले. चहा मागवला, अंदाजपत्रक पूर्ण वाचलं, पेन्सिलीनं खुणा केल्या.

"बॅटरी बसेल कशात तरी. माऊस बसेल. इंटरनेट ओढूनताणून. पण मॅडम, मानधनाला लेखाशीर्ष नाही."

"मग त्याच्याशिवाय वर्ग कसा चालायचा?"

"तुम्ही संगणक मागा ना. दहाच्या जागी वीस मागा. त्याला हेड आहे."

मी म्हटलं, आहेत ते सातच संध्याकाळी बंद असतात. ते हसले. थट्टेनं नाही, हा प्रश्न त्यांनीही कधीतरी कुणाला तरी विचारलेला असावा, असं. म्हणाले, "वस्तू आली की तिचा फोटो निघतो, तिला नंबर पडतो, ती साठा नोंदवहीत चढते. लेखापरीक्षणात दाखवता येते. कुणी काय शिकलं ते मी कुठल्या नोंदवहीत चढवू?"

परतीच्या एसटीत हेच वाक्य डोक्यात. सरकारी पैशाला उभं राहायला वस्तू लागते. शिकवण्याचा तास संध्याकाळी सहाला सुरू होतो, सातला संपतो, आणि मागं खुर्चीसुद्धा ठेवत नाही.

२४ जुलै, गुरुवार

दहा दिवसांत जेवढे दरवाजे माहीत होते तेवढे ठोठावले. विसरायच्या आत नोंद.

आमदारांचा स्थानिक विकास निधी: वर्षाला पाच कोटी, पण टिकाऊ कामासाठी. संगणक मिळतील. मानधन नाही.

पंधराव्या वित्त आयोगाचा ग्रामपंचायतीचा निधी: साठ टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला. उरलेला चाळीस टक्के अबंधित, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे. पण पगार आणि आस्थापनेवर खर्चायचा नाही. शिवाय काम गावाच्या विकास आराखड्यात हवं. आमचं नाही.

जिल्हा परिषदेचं महिला व बालकल्याण: स्वतःच्या उत्पन्नाचे दहा टक्के यावर खर्चायचे असतात. मुलींना संगणक प्रशिक्षण ही योजना त्यांच्याकडं वर्षानुवर्षं आहे. पण ती सातवी ते बारावी पास मुलींसाठी. आईसाठी नाही. सभापतींना भेटून विषय घातला असता, पण २०२२ पासून तिथं प्रशासक आहे. सदस्य नाहीत, समिती नाही, गाऱ्हाणं कुणापुढं मांडायचं?

उल्लास, म्हणजे नवभारत साक्षरता कार्यक्रम: २०२२ ते २०२७, पंधरा वर्षांवरच्या निरक्षरांसाठी. जीवनकौशल्यांत डिजिटल साक्षरता शब्दासकट लिहिलेली आहे. वाचून उडीच मारली. पुढं वाचलं: शिकवणारे स्वयंसेवक. मानधन नाही.

चार दरवाजे झाले. तीन ठिकाणी शिकवणारीला पैसा नाही, उरलेल्या एका ठिकाणी शिकणारीलाच जागा नाही.

२ ऑगस्ट, शनिवार

एका मोठ्या कंपनीच्या सामाजिक निधीचं काम बघणाऱ्या मुलीशी फोनवर बोलले. कायद्यानं मोठ्या कंपन्यांनी सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकामावर खर्चायचे असतात, म्हणून आशा. पण पैसा ज्या संस्थेच्या हाती द्यायचा तिला आयकराची बारा-ए आणि ऐंशी-जी नोंदणी लागते, सीएसआर-एक क्रमांक लागतो. आम्ही संस्था नाही, शाळा. "मॅडम, तुम्हाला टॅब्लेट हवे असतील तर बघते," ती म्हणाली.

फोन ठेवला. टॅब्लेटचं ऐकून आमच्या मुख्याध्यापकांचे डोळे चमकले, मला राग आला, आणि मग त्या रागाचंच वाईट वाटलं. मिळतंय ते नाकारायला मी कोण?

१५ ऑगस्ट, शुक्रवार

झेंडावंदनानंतर ग्रामसभा. परवा तिच्या आधीची महिला सभा झाली. कायद्यानं ती घ्यावीच लागते, आणि बहुतेक वर्षी ती रजिस्टर घरोघर फिरवून होते. या वेळी देवळात चाळीसभर बायका बसल्या. मी विषय मांडला. पहिला प्रश्न आला, "बाई, ह्यानं पैसं मिळतील का?" मी खरं ते सांगितलं: मिळणार नाहीत. जे जातात ते वाचतील. ही गोष्ट कुणाला फारशी पटल्याचं दिसलं नाही.

आज ग्रामसभेत गणपूर्ती झाली नाही. पाणी सुटलं होतं, माणसं मोटारीवर गेली. सभा तहकूब.

भाऊसाहेब म्हणाले, "२ ऑक्टोबरला घेऊ. आराखड्याचा विषय तेव्हाच असतो." गेल्या वर्षी ग्रामसेवक हे पदनाम जाऊन ग्रामपंचायत अधिकारी आलं. पाटी बदलली, गावाला अजून भाऊसाहेबच.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

पेपरात बातमी: काल तिरुवनंतपुरमला मुख्यमंत्री पिनराई विजयन यांनी केरळ हे संपूर्ण डिजिटल साक्षर राज्य झाल्याचं जाहीर केलं. सुरुवात पुल्लमपारा नावाच्या एका ग्रामपंचायतीनं केली होती. रोजगार हमीच्या कामावर, बचत गटाच्या बैठकीत, जिथं बायका भेटतील तिथं शिकवलं. शिकणाऱ्यांत १०५ वर्षांचे एक आजोबा.

बातमी दोनदा वाचली, कारण ती माझ्या विरोधात जाते. तिथं शिकवणारे स्वयंसेवकच होते, अडीच लाखांच्या वर. म्हणजे माझा मानधनाचा हट्ट चुकीचा?

रात्री विचार केला. तिथल्या स्वयंसेवकाच्या पाठीशी कोण उभं आहे? १९९६ च्या लोकयोजना मोहिमेत राज्याच्या योजना खर्चाचा पस्तीस-चाळीस टक्के हिस्सा खालच्या संस्थांकडं द्यायचं ठरलं. त्या पैशावर वाढलेली पंचायत आहे. १९९८ पासूनचं कुटुंबश्री या बायकांच्या गटांचं जाळं गल्लीगल्लीत आहे. स्वयंसेवक दमला तर त्याच्या जागी दुसरा उभा करणारी माणसं आणि पैसा गावातच आहे. इथं मी फुकट शिकवणारी ठेवली आणि ती दमली, तर कक्षाला परत कुलूप. तेव्हा हट्ट कायम. फक्त दार चुकलं. आपल्याच पंचायतीचं दार मी नीट वाजवलं नव्हतं. अबंधित निधीचा एक नकार ऐकून परतले होते.

७ सप्टेंबर, रविवार

महिला सभेतला तो प्रश्न डोक्यातून जात नव्हता. म्हणून गौरी-गणपतीच्या दिवसांत हळदीकुंकवाला जाईन त्या घरी एक वही नेली. गेल्या वर्षभरात फॉर्म भरायला, झेरॉक्सला, 'ऑनलाइन करायला' किती गेले? शिष्यवृत्ती, उत्पन्नाचा दाखला, पीकविमा, ई-पीक पाहणी, शेतकरी ओळख क्रमांक, रेशनकार्डात सुनेचं नाव. पन्नास रुपये इथं, शंभर तिथं, वर एसटीचं भाडं. एकीनं तर कॅलेंडरवर दुधाच्या खुणांशेजारीच लिहून ठेवलं होतं.

आज बेरीज केली. ४६ घरं, ३१,४५० रुपये.

खरं सांगायचं तर हिरमुसले. मला ३८,००० च्या वरचा आकडा हवा होता, म्हणजे सभेत तोंडावर मारता आला असता. आमच्या बी.सी.ए. झालेल्या सूनबाईला दाखवला तर ती म्हणाली, "मॅडम, हे एका वर्षाचं आहे. आणि गावात घरं शेहेचाळीसच आहेत का?" हिशेब शिकवणारी मी, आणि हे मला सुचू नये!

२४ सप्टेंबर, बुधवार

लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू झालीय. बाईच्या आधारचा ओटीपी, मग नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचा ओटीपी. गावात रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ. नवरात्र, देवीला घागर फुंकायची ती टाकीपाशीच फुंकावी अशी गर्दी. काहींचे नवरे पुण्या-मुंबईला; त्यांना फोन लावून आकडे विचारायचे, आकडे येईस्तोवर मुदत संपायची, पुन्हा पहिल्यापासून.

एक पोरगा पन्नास रुपये घेऊन भरून देत होता. वाईट नाही तो, आमचाच माजी विद्यार्थी. पण बायका त्याच्या हातात मोबाइल देऊन मागं उभ्या होत्या. मी एकीला म्हटलं, ओटीपी म्हणजे घराची किल्ली, दुसऱ्याला देऊ नये. ती म्हणाली, "कुलूप कुठं हाय तेच म्हाईत न्हाई, किल्ली जवळ ठिवून काय करू?"

ती ओळ वहीत लिहून घेतली. सभेत हीच सांगणार.

२ ऑक्टोबर, गुरुवार

गांधी जयंती आणि दसरा एकाच दिवशी. वाटलं होतं कुणी येणार नाही. पण १५ ऑगस्टची तहकूब सभाच पुढं घेतलेली, तिला गणपूर्ती लागत नाही. आणि ई-केवायसीनं माझं अर्धं काम करून ठेवलं होतं. बायका आल्या त्या सोनं वाटायच्या साड्यांतच.

मी ४६ घरांचा हिशेब वाचला. पुरुषांच्या बाजूनं एकजण म्हणाला, "त्यापरीस सीसीटीव्ही बसवा." सरपंचबाईंनी त्याला गप्प केलं नाही, मलाच विचारलं, "बाई, नेमकं कशातनं द्यायचं ते सांगा."

या वेळी मी तयारीनं गेले होते. जिल्हा परिषदेसारखेच ग्रामपंचायतीलाही स्वतःच्या उत्पन्नाचे दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्चायचे असतात. घरपट्टी-पाणीपट्टीतून. त्यावर वित्त आयोगाची अट नाही. प्रशिक्षण त्यात बसतं, आणि प्रशिक्षण म्हटलं की शिकवणारीचं मानधन आलंच. भाऊसाहेबांनी दप्तर काढलं: आमच्या गावाचे हे दहा टक्के २२,००० होतात. त्यातले दहा हजार अंगणवाडीला आधीच ठरलेत. उरले बारा.

ठराव झाला. सूचक अकरावीच्या त्या मुलीची आई. दुसऱ्या फेरीत पोरीला जवळचं कॉलेज मिळालंय. बॅटरी पुढच्या वर्षीच्या आराखड्यात, अबंधितमधून.

बारा हजार म्हणजे दोन महिने. एकानं लोकवर्गणीचा विषय काढला, मी अडवला. जी माणसं घरपट्टी भरतात, वर फॉर्मला पैसे मोजतात, त्यांनी तिसऱ्यांदा द्यायचं नाही. दोन तर दोन महिने.

९ ऑक्टोबर, गुरुवार

ठरावाची नक्कल हातात आली. "गावातील महिला पालकांसाठी संगणक प्रशिक्षण." म्हणजे बाप बसत नाहीत. आठवीतल्या एकाला आई नाही, बाप मेंढरांमागं असतो, त्यानं मागच्या आठवड्यात नाव दिलंय. भाऊसाहेब म्हणाले, "निधी महिला कल्याणाचा, हजेरीत पुरुषाचं नाव आलं तर लेखापरीक्षणात मला आक्षेप."

त्यांचं चुकीचं नाही. मला मात्र हे आधी दिसायला हवं होतं. पैसा ज्या शीर्षातून येतो त्याचा आकार शिकणाऱ्याला येतो. पालक म्हणून सुरुवात केली होती, आता महिला झालो.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

दिवाळीनंतर ३ तारखेला वर्ग सुरू झाला. संध्याकाळी सहा ते सात. २३ नावं, रोज १७-१८ येतात. कांदालागणीच्या दिवसांत त्याहून कमी.

सूनबाई मराठी इनस्क्रिप्टनंच शिकवते. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं, हे बायकांनी दुसऱ्याच दिवशी धरलं. अडतं ते जोडाक्षरापाशी. आज एकीला 'अर्ज' लिहायचा होता. रफार आधी शोधत होती, कळफलकावर सापडत नव्हता. सूनबाईनं सांगितलं: आधी पुरता र लिहा, मग त्याचा पाय मोडा, मग ज. पाय मोडायची कळ सापडली, र उडून ज च्या डोक्यावर जाऊन बसला. ती हसली, मग खोडून परत लिहिलं, चार वेळा.

साडेसहाला लाईट गेली. बॅटरी नाही. पाऊण तास अंधारात बसून ओटीपी, पासवर्ड, फसवणुकीचे फोन यावर बोलणं झालं. कुणी उठलं नाही.

मेंढरांमागचा बाप शेवटच्या बाकावर बसतो. हजेरीपटात त्याचं नाव नाही. माझ्या वहीत आहे.

मानधनाचं देयक भाऊसाहेबांनी तयार केलंय, पैसे अजून सूनबाईच्या खात्यावर आलेले नाहीत. वर्ग ३१ डिसेंबरला संपतो. पुढची ग्रामसभा २६ जानेवारीला. विषयपत्रिकेत आमचा विषय घ्या, असा अर्ज उद्या द्यायचा आहे. तो टाइप करायला आईबायांच्या वर्गातल्या दोघींना सांगितलंय.